दादाची दारू सोडवायचीय, गावात सोय नाही, पैसे कुठून आणायचे?

शेवंती_०७

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ आठ-नऊ वर्षं पितोय. आधी संध्याकाळपुरतं होतं, आता सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली की हात थरथरतात, घाम फुटतो. गावात छोटा दवाखाना आहे, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. शहरातल्या एका खाजगी केंद्राला फोन केला तर म्हणाले तीन महिने ठेवावं लागेल, सगळे पैसे आधी भरा, मधेच निघून गेला तर परत मिळणार नाहीत. आकडा ऐकून आईने फोनच हातातून काढून घेतला, आमच्या घरात वर्षभरात एवढे येत नाहीत. वहिनी म्हणते दागिने मोडू, काका म्हणतात जमिनीचा तुकडा विका, एक जण व्याजाने द्यायला तयार बसलाय. दादा म्हणतो सोडायचीय, पण हे तो दर चार महिन्यांनी म्हणतो. काय करू? शेजारच्या काकूंनी जेवणातून द्यायची पावडर सांगितलीय, त्याला कळणारही नाही म्हणे. स्वस्त आहे म्हणून विचारतेय, हसू नका.

बांधावरचा

ताई, तुकडा विकू नका एवढंच आधी सांगतो. आम्ही विकला, वडिलांसाठी. तीन महिने आत राहिले, बाहेर आले तेव्हा गाल भरलेले, सगळे खूश, आणि अकराव्या दिवशी परत प्यायले. आणि खरी गंमत (गंमत कसली) म्हणजे तेव्हा हातात पुढच्या गोळ्यांचे सोडा, शहरात नेऊन दाखवायला गाडीभाड्याचेही पैसे उरले नव्हते. केंद्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही, पण बाहेर आल्यावर कोण बघणार हे आम्ही विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. तोच पैसा वर्षभर पुरवून वापरला असता तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

वॉर्डातली_ताई

मी सरकारी रुग्णालयात नर्स आहे म्हणून जरा दमात घेऊन सांगते. सकाळी थरथर म्हणजे शरीराला दारूची सवय पडलीय, अशा माणसाची एकदम बंद करून त्याला खोलीत कोंडायचं नाही. फुकटात होतं म्हणून लोक हेच करतात आणि मग रात्री-अपरात्री गाडी शोधत फिरतात. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, फिट आली तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते, आणि काहींना ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस ओळखू येत नाही. डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, यात जीव जातो. पूर्वी कधी फिट किंवा भ्रम झाला असेल तर ॲडमिटच करा.

पण त्यासाठी महागडं केंद्र लागत नाही हो. हे काम साध्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात होतं. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या थरथर शमवणाऱ्या गोळ्या सुरू करून हळूहळू कमी करत आणतात, सोबत थायमिन म्हणजे बी१, आठवडाभराचा खेळ. सगळी जुनी आणि स्वस्त औषधं. पुढे ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकाम्प्रोसेट आहेत, ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२३ साली आली, तेव्हा सरकारी दवाखान्यात नाव घेऊन विचारा, लाजू नका.

पावडर अजिबात नको. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ते औषध) असलं आणि त्यावर दादा प्यायला तर तोंड लाल, उलट्या, बीपी खाली, हृदयावर ताण, आणि गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत हे होऊ शकतं. औषध खरं आहे, कित्येकांना उपयोगी पडतं, पण घेणाऱ्याला माहीत असताना.

रोखठोक

सगळे विकू नका विकू नका म्हणतायत पण माझा मामा तीन महिने आत बंद होता म्हणूनच वाचला. घरी राहून कोणी सुधरत नाही. स्वस्तात जीव वाचत नसतो.

आजचा_दिवस

रोखठोक, मामांचं खरं असेल, नाही म्हणत नाही. ज्याला राहायला धड घर नाही, ज्याच्या घरातच बाटली उघडते, सोबत दुसरा मानसिक आजार आहे, त्याला आत राहणं लागतंच. पण जास्त पैसे म्हणजे जास्त गुण येतो का, हे लोकांनी तपासून बघितलंय. मला सोडून सहा वर्षं झाली, तेव्हापासून वाचत बसायचा नाद लागलाय (एक गेलं दुसरं आलं). लंडनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास १९७७ साली छापून आला, त्यात दारूचं व्यसन असलेले १०० विवाहित पुरुष घेतले होते, निम्म्यांना महिनोन्‌महिने उपचार, निम्म्यांना बायकोसोबत बसवून एकदाच नीट समजावलं, वर्षाने बघितलं तर दोन्ही गटांत फारसा फरक नाही. मग अमेरिकेत १,७२६ जणांवर मोठा प्रयोग झाला, प्रोजेक्ट मॅच, निकाल १९९७ ला आले. त्यात ४ बैठकांचं समुपदेशन आणि १२ बैठकांचं, जवळजवळ सारखंच उतरलं. पण म्हणून कोणी थरथरणाऱ्या माणसाला नुसतं समजावून घरी पाठवू नका, ताईंनी सांगितलेला पहिला आठवडा सगळ्यात आधी.

आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसला (दारू सोडणारे मीटिंगला जमून एकमेकांना आधार देतात ती संघटना) फी नाही. १९३५ पासून चालू आहे, मनात आलं तर डब्यात टाका नाहीतर नका टाकू. माझ्यापासून मीटिंग इतकी लांब की एक दिवसाची मजुरी आणि भाडं दोन्ही जायचं, मग महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि बाकी फोनवर, रेंज फक्त गच्चीवर यायची म्हणून पावसात छत्री धरून मीटिंग केलीय मी. सुरुवातीला हसू यायचं.

शेवंती_०७

खूप बरं वाटलं वाचून. अजून एक. दादाच्या कामावरून विमा आहे. काका म्हणतात दारूचं नावच काढू नका, पोटात दुखतंय सांगून ॲडमिट करू म्हणजे क्लेम बसेल. चालेल का असं?

वॉर्डातली_ताई

नाही नाही नाही. डॉक्टरला दारू माहीत नसेल तर ती थरथर थांबवायची गोळी कोण देणार? पोटासाठी म्हणून आलेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळताना बघितलाय मी, आणि सगळे भलतंच कारण शोधत होते. किती पितो, शेवटची कधी घेतली, खरं सांगा, डोस त्यावर ठरतो. क्लेमचं म्हणाल तर खोटं उघडं पडलं की सगळंच नाकारतात. त्यापेक्षा पॉलिसीत काय काय वगळलंय ते पान वाचा, व्यसन वगळलंय का, मानसिक आजार धरलाय का, आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या हो ला अर्थ नसतो. आणि ॲडमिट होईपर्यंत घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका.

बांधावरचा

तरीही केंद्रच घ्यायचं ठरलं तर पैसे भरायच्या आधी हे विचारा: डॉक्टर रोज येतो की नुसतं बोर्डावर नाव आहे, रात्री फिट आली तर कुठे नेणार, महिन्या-महिन्याने भरता येईल का, कमी उत्पन्नवाल्यांना सूट आहे का (आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही), घरच्यांना भेटू देतात का, सुटल्यावर फोनवर फॉलोअप आहे का. भेटू देत नाहीत म्हणाले तर तिथूनच परत फिरा. आणि वहीत खर्च मांडताना गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी दोन माणसांची धरा, सोबत कोणीतरी जावंच लागतं, आमचं गणित तिथेच चुकलं होतं. व्याजवाल्याला मात्र लांबूनच नमस्कार.

शेवंती_०७

दादाला बसवून सगळं वाचून दाखवलं. पावडरीचं आलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, तू घातली तर नाहीस ना कधी? नाही घातली. दवाखान्यात डॉक्टर सोमवारी येतात, त्यांना खरं खरं सांगून सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी घेणार, वहिनी सोबत जाईल. दागिने तूर्त कपाटातच आहेत. विम्याचं ते पान सापडलं, अक्षर मुंगीएवढं आहे, काकांचा चष्मा मागवलाय.