‘अडथळा’ की ‘लुडबूड’?

धंतोलीकर: फ्लोरिडाच्या एका कायद्याचं भाषांतर करतोय (१ जानेवारी २०२५ पासून लागू). पोलीस, अग्निशमनवाले, अॅम्ब्युलन्सवाले कामात असताना ‘जवळ येऊ नका’ म्हणाले, तरी कुणी ‘इम्पीड’ किंवा ‘इंटरफिअर’ करायला, धमकवायला किंवा छळायला २५ फुटांच्या आत गेला, तर गुन्हा. पहिल्या दोन्हींना मला ‘अडथळा’च सुचतोय. आणि या पोलीस-अग्निशमन-अॅम्ब्युलन्सवाल्यांना मिळून कायद्यात ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हटलंय, त्याला ‘प्रथम प्रतिसादक’ लिहिलं तर बायको हसली.

जुनाट_वकील: पेपरवाल्यांनी ‘सरकारी कामात अडथळा’ सरसकट करून ठेवलंय. जुन्या दंड संहितेचं कलम ३५३ (आता भारतीय न्याय संहितेत १३२) म्हणजे हल्ला किंवा बळाचा वापर. नुसत्या अडथळ्याला १८६ होतं, आता २२१.

इतवारीची_पोर: आमच्या गल्लीत आग लागली तेव्हा बंबापुढे एकाची स्कूटर आडवी होती. तो अडथळा. दुसरे एक काका पाइप धरून ‘इकडं मारा, तिकडं मारा’ करत होते. ती लुडबूड! जवान मात्र दोघांवरही एकच ओरडला, ‘अबे, मधात नोको येऊ!’

शुद्धलेखक: कायद्यात लुडबूड? ‘हस्तक्षेप’ लिहा.

इतवारीची_पोर: हस्तक्षेप मंत्री करतात. काका लुडबूडच करतात.

वऱ्हाडी_ठेचा: ‘हरकत’ चालेल का? कामाला हरकत आणणे.

जुनाट_वकील: नागपुरात नको राजा. इथे अर्धी गिऱ्हाइकं हिंदी बोलतात, त्यांची हरकत म्हणजे चाळे. मूळ अरबीत तर नुसती हालचाल. आपणच तिला अडवणारी केली.

शुद्धलेखक: म्हणूनच म्हणतो, परकीय शब्द टाळा. आडकाठी, अडसर, खोडा! खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड, काय चपखल आहे.

वऱ्हाडी_ठेचा: मग बंबही टाळा. पोर्तुगीज ‘बोंबा’ आहे तो, म्हणजे पंप.

शुद्धलेखक: काहीही! रक्तबंबाळ कुठून आला मग?

इतवारीची_पोर: आग लागल्यावर बोंबा मारतात म्हणून बंब, असं आजोबा सांगायचे :)

धंतोलीकर: अहो, उद्या मसुदा द्यायचाय. ‘अडथळा किंवा लुडबूड’ लिहू का? आणि त्या प्रतिसादकाचं काय?

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे आंघोळीचा तांब्याचा बंब अजून आहे. तोही पोर्तुगीजच म्हणायचा का?

शुद्धलेखक: तो वेगळा शब्द आहे.

जुनाट_वकील: कशावरून?