मदत हवी आहे: सासूबाई डॉक्टरांना खरा त्रास सांगतच नाहीत

नमस्कार मंडळी. आम्ही कॅनडात, ऑन्टारियोतल्या मिसिसागाला असतो. सासूबाई (वय ७१) साताऱ्याहून कायमच्या इकडे आल्यात. ओहिप (ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा) कार्ड आहे, फॅमिली डॉक्टरही आहेत, त्यामुळे अडचण पैशांची नाही.

थंडी सुरू झाली तसं त्यांनी बाहेर पडणं बंद केलं. देऊळ नाही, हळदीकुंकू नाही, मॉलमध्ये चालायलाही नाही. डिसेंबरात पाचच्या आत अंधार, फुटपाथवर बर्फ, त्यामुळे करमत नसेल असंच सगळ्यांना वाटलं. परवा कपड्यांच्या घड्या घालताना मला हळूच म्हणाल्या, "अगं, नुसती शिंक आली तरी लघवी होते. चारचौघींत कशी बसू?" कुठे जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत म्हणे!

डॉक्टरांकडे हे कधी निघालंच नाही, कारण तिथे दुभाष्या माझा नवरा. तो बिचारा विचारतो, "आई, अजून काही?" त्या म्हणतात, "काही नाही रे, बरी आहे." मुलासमोर दुसरं काय बोलणार? माझ्या शिफ्टमुळे मला जाता येत नाही. त्यातून "त्याला सांगू नकोस" अशी शपथ घातलीय.

शुगरचाही घोळ आहे. इथला मीटर उपाशीपोटी ११.५ दाखवतो. आकडा लहान, म्हणून त्या खूश. पण इथलं माप वेगळं, भारतातल्या मापात आणायला १८ ने गुणलं तर २०७ होतात! बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. यातलं कशामुळे काय होतंय? मराठी बोलणारी दुभाषी बाई मिळते का? नवऱ्याला किती सांगू?

प्रतिसाद

ताई, मी ब्रॅम्प्टनची, आईच्या वेळी यातून गेलेय. अपॉइंटमेंट घेतानाच "मराठी दुभाषी हवी, बाई हवी" असं सांगा. बऱ्याच ठिकाणी फोनवर दुभाषी जोडून देतात. मराठी नाहीच मिळाली तर हिंदी चालेल का ते सासूबाईंना विचारा. त्यांना बोलायला जड जात असेल तर तुम्ही अर्धं पान लिहून त्यांच्या हाती द्या, डॉक्टर वाचतील.

आधी लघवीची तपासणी करायला सांगा, इन्फेक्शन आहे का ते कळेल. शुगर वाढली की लघवी वाढतेच, त्यामुळे ते २०७ डॉक्टरांना कळायलाच हवेत. गोळी मनाने बंद करू नका, बदलता येईल का ते विचारा. पाणी तोडून उपयोग नाही, लघवी गडद झाली की उलट जास्त जळजळतं.

शिंकताना होतं त्याला ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम असतात. ते शिकवणाऱ्या फिजिओ इथे आहेत, चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं. खाजगी क्लिनिकची फी मात्र ओहिप देत नाही. आईला फरक पडायला दोन-तीन महिने लागले.

आणि नवऱ्याला "बायकांची तपासणी आहे" एवढंच सांगा. आपले मुलगे पुढे एक अक्षर विचारत नाहीत. :)