फ्लॉरेन्स, एकच दिवस आणि तोही सोमवार. काय पाहावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेरीस आम्ही दोघं लेकीकडे म्युनिकला जातोय, तिथून चार दिवस इटली. मुक्काम रोमला. त्यातला एक दिवस फ्लॉरेन्ससाठी ठेवलाय, सकाळच्या गाडीनं जायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं. तिकिटं काढून झाल्यावर लेकीच्या लक्षात आलं की तो सोमवार आहे. सोमवारी उफिझी हे मोठं चित्रसंग्रहालय बंद आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ते आकादेमियाही बंद. तिकिटं बदलून मिळणारी नाहीत.

हे चित्रकलेचे शिक्षक, गेल्याच वर्षी निवृत्त झाले. बत्तीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलं. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) शिकवताना मासाच्चो या इटालियन चित्रकाराच्या ‘पवित्र त्रैक्य’चं एक जुनं छापील चित्र फळ्यावर लावायचे आणि त्यावर पट्टी ठेवून रेषा कुठे मिळतात ते दाखवायचे. त्या चित्राच्या कडा आता चिकटपट्टीनं सांधलेल्या आहेत. सोमवारचं कळल्यापासून ‘बघू, जे दिसेल ते’ एवढंच म्हणतात. मला फार रुखरुख लागली आहे.

यांचा डावा गुडघा दुखतो, तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटावर चढावं का? आम्ही शाकाहारी आहोत. आणि चर्चमध्ये साडी चालते ना?

रंगपेटी
ताई, अजिबात हिरमुसू नका. सर ज्या चित्रावर पट्टी ठेवायचे ते उफिझीत नाहीच! ते सांता मारिया नोव्हेला चर्चच्या डाव्या भिंतीवर आहे आणि हे चर्च स्टेशनच्या अगदी समोर आहे. स्टेशनचं नावही तेच. गाडीतून उतरल्यावर पहिलं काम हेच करा, सकाळी गर्दीही कमी असते.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा तास हलले नव्हते. १४२७च्या सुमाराचं काम. सपाट भिंत आहे, पण भिंत फोडून आत कमानीची खोली बांधल्यासारखी वाटते. सगळ्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी मिळतात, आणि ती जागा उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर येते. सरांना थोडं बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात पाहायला सांगा. छताच्या रेषा टोकदार हत्यारानं गिलाव्यात ओढलेल्या दिसतात. चित्राच्या खाली एक सांगाडा रंगवला आहे आणि त्याच्यावर ओळ आहे: तुम्ही आहात तसा मी होतो, मी आहे तसे तुम्ही व्हाल. सोळाव्या शतकात या चित्रापुढे नवी वेदी उभारली, त्यामुळे ते जवळजवळ तीनशे वर्षं झाकलेलं होतं.

मग चालत दहा मिनिटांवर दुओमो, म्हणजे शहराचं मुख्य चर्च. घुमटावर चढू नका. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, दोन कवचांच्या मधून अरुंद जिना जातो आणि मध्येच मागे फिरता येत नाही. वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या काळात हा घुमट खालून लाकडी आधार न देता बांधला. मागच्या बाजूच्या चौकात बसून तो निवांत पाहा, आणि चढायचा वेळ दुओमोच्या म्युझियमला द्या. ते सोमवारी उघडं असतं. दुओमोसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या दारांपुढे लोक फोटो काढतात ती नक्कल आहे. शिल्पकार घिबेर्तीचे अस्सल सोनेरी दरवाजे या म्युझियममध्ये आहेत. त्या एका कामाला त्यानं २७ वर्षं दिली.

दुपारी नदीपलीकडे कार्मिने चर्चमधलं ब्रांकाची चॅपेल. याचं बुकिंग आजच करा, थोड्याच लोकांना ठरावीक वेळापुरतं आत सोडतात. (मंगळवारी बंद असतं, म्हणजे तुमचा सोमवारच बरा!) इथेही मासाच्चो आहे. स्वर्गातून हाकललेला आदाम दोन्ही हातांनी तोंड झाकतो, हव्वा तोंड उघडून रडते. पुढच्या काळात कुणीतरी त्यांच्या अंगावर पानं रंगवली होती, १९८०च्या दशकातल्या सफाईत ती काढली. तरुण मायकेलअँजेलो इथे बसून ही चित्रं उतरवून घ्यायचा.

वाटेत सांता फेलिचिता चर्च लागेल. दुपारी बंद ठेवतात, म्हणून परतताना पाहा. आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला पोंतोर्मो या चित्रकाराचं चित्र आहे. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि गुलाबी-निळे रंग एकदम उजळतात. सुट्टी नाणी जवळ ठेवा.

साडी अगदी उत्तम. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढंच. जेवायला रिबोल्लिता घ्या. शिळा पाव, राजम्यासारख्या पांढऱ्या शेंगदाण्यांची उसळ आणि पालेभाजी यांचं दाट सूप असतं. मांस नाही ना, हे आधी विचारा.

रंगपेटी
वर चूक झाली, शेंगदाणे नव्हे, पांढरे घेवड्याचे दाणे.

उंबरठा
यादी छान आहे, पण सांता क्रोचे चर्च कसं वगळलंत? मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाध्या एकाच छताखाली आहेत. जोत्तो या जुन्या चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. ४ नोव्हेंबर १९६६च्या पुरात चिमाबुए या चित्रकारानं रंगवलेल्या लाकडी क्रुसावरचा साठ टक्के रंग वाहून गेला. जिथे रंग गेला तिथे नवा येशू रंगवला नाही, बारीक रेघांनी जागा नुसती शांत केली आहे. एका चित्रकला शिक्षकानं हे पाहिलंच पाहिजे.

रंगपेटी
मान्य, पण गुडघा सांभाळून पाच ठिकाणं होणार नाहीत. पाच ठिकाणी पळण्यापेक्षा तीन ठिकाणी बसून पाहू द्या त्यांना. माझं मत मासाच्चोलाच.

पंचगंगा_घाट
ताई, कलेचं मला फारसं कळत नाही. पण फ्लॉरेन्सला जाताय तर आमच्या राजाराम महाराजांच्या छत्रीवर जाऊन या, ही हात जोडून विनंती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७०मध्ये विलायतेला गेले, आणि परत येताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथल्या सरकारनं खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन झालं. १८७४मध्ये त्याच जागी छत्री उभारली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. फेटा, अंगावर दागिने. शेजारच्या पुलालाही इंडियानो (म्हणजे भारतीय) नाव आहे.

जागा कासिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्राम बागेच्या अलीकडच्या टोकाशी सोडते, तिथून तीनेक किलोमीटर चाल. तुम्ही टॅक्सीच करा आणि तिला थांबवून ठेवा.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना यांना सगळं वाचून दाखवलं. ‘भिंतीवरच आहे? स्टेशनसमोर?’ असं दोनदा विचारलं, मग उठून कपाटातून ते जुनं चित्र काढून आणलं. आता सामानात पहिल्यांदा तेच गेलंय, गुंडाळी करून.

ठरलं ते असं: सांता मारिया नोव्हेला, दुओमोचं म्युझियम, ब्रांकाची (दुपारी अडीचचं बुकिंग मिळालं), वेळ उरला तर सांता फेलिचिता. सांता क्रोचे सोडतोय, उंबरठा, राग मानू नका. पाचच्या सुमाराला टॅक्सीनं छत्रीवर जाणार. माझं माहेर कागल. एवढ्या जवळून जाऊन तिथे गेले नाही असं मला घरी सांगता येणार नाही. तिथे फुलं वाहता येतात का?

पंचगंगा_घाट
वाहा ताई. शहरातूनच घेऊन जा, तिथे आसपास दुकान नाही. आणि आमच्याही वतीनं दोन वाहा.