डीनचे ६० गोल आणि त्याआधीचे ५९

इंग्लिश फुटबॉलमध्ये एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीनने १९२७-२८ च्या लीग मोसमात केलेले ६० गोल म्हणजे १९२५ च्या नव्या ऑफसाइड नियमाची मेहेरबानी, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पास दिला जाताना चढाई करणारा खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं, तेव्हा गोलांचा पाऊस पडणारच. पण नियम सगळ्यांनाच सारखा होता की! इंग्लिश लीगमध्ये साठी गाठली एकट्या डीननेच.

या चर्चेत जॉर्ज कॅमसेलचं नाव कोणीच घेत नाही, म्हणून लिहितोय. डरहॅमचा हा खाणकामगार डीनच्या आदल्याच मोसमात मिडल्सब्रो क्लबकडून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये (लीगच्या दुसऱ्या श्रेणीत) ३७ सामन्यांत ५९ गोल करून बसला होता. आणि मोसमाच्या सुरुवातीला तो संघात नव्हताच! १९२६ च्या नाताळच्या दिवशी (तेव्हा त्या दिवशीही सामने व्हायचे) मँचेस्टर सिटीच्या मैदानावर मिडल्सब्रो ५-३ ने जिंकलं, पाचही गोल याचेच. वर्षभरात डीनने एका गोलने विक्रम मोडला. इंग्लंडकडून कॅमसेल फक्त ९ सामने खेळला, त्यात १८ गोल. एवढ्यावर फक्त ९ सामने? निवड समितीचं डोकं कुठे होतं देव जाणे.