मदत हवी आहे: गोळ्या सुरू झाल्यापासून भावाचं वजन वाढतच चाललंय

यावलकर
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी आवाज ऐकू येणं थांबलं, पण वजन ६२ वरून ७६ किलो झालं. रात्री उठून भाकरी शोधतो, अडवलं की चिडतो. गोळी अर्धी केली तर चालेल का? लवकर सांगा.

तापीकाठ
भाऊ, गोळीचं नाव काय, किती मिलिग्रॅम, कधीपासून? विडी-सिगारेट आहे का? तोवर स्वतःहून अर्धी करू नका. वजन लगेच उतरणार नाही, आजार मात्र उलटू शकतो.

यावलकर
नावाचं काय एवढं? ओलान्झापिन, रात्री २०. पाच महिने झाले. विड्या ओढतो.

औषधवाला धुळे
नावावरच सगळं आहे. वजन सगळ्यात जास्त वाढवणाऱ्या दोन गोळ्या म्हणजे क्लोझापिन आणि ओलान्झापिन. अरिपिप्राझोल, ल्युरासिडोनने बरंच कमी वाढतं. या गोळीने भूक खवळते आणि पोट भरल्याची जाणीव होत नाही. त्याला हावरट म्हणू नका. मूळ वजनाच्या ७ टक्के वाढ झाली तरी दखल घेतात, इथे २२ टक्क्यांच्या वर आहे. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) आणि बीपी लगेच तपासा. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

केळीबाग
केळी बंद करा, कळण्याची भाकरी आणि ठेचा द्या. वजन आपोआप उतरेल.

तापीकाठ
केळ्याला का दोष देता? मध्यम केळं म्हणजे १०० कॅलरीच्या आसपास. दिवसात सहा चहा होत असतील, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ५०-६० ग्रॅम साखर नुसती चहातून. ती आधी कापा. या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटल्याही जास्त जातात. हाताशी साधं पाणी ठेवा. रात्रीसाठी काकडी, गाजर, भाजलेले चणे समोर ठेवा, शेव-फरसाणाचा डबा घरातच नको.

केळीबाग
शेवभाजी सोडा म्हणाल, मग भरीतही सोडायचं का? बामणोदच्या वांग्याचं?

तापीकाठ
वांग्यात काही नाही हो, वर ओततात त्या तेलात आहे. माणशी एक चमचा तेलात भरीत होतं.

नंदुरबारी
मानसिक आजारालाही दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं. २०१६ च्या कायद्यात आहे, किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज करा.

औषधवाला धुळे
उपयोगाची माहिती आहे, पण त्यांनी वजनाचं विचारलंय. यावलकर, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. साखर नसली तरी या वजनासाठी देतात. जेवणानंतर ५०० मिग्रॅने सुरू करून हळूहळू वाढवतात. एकदम वाढवली की जुलाब, मळमळ होते आणि मग पेशंट घेतच नाही. आधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करतात, पुढे अधूनमधून बी१२. साधारण ३ किलो उतरतात. जितकी लवकर सुरू तितकी चांगली.

शिरपूर
विड्या आजच बंद करा, सगळं सुधारेल.

तापीकाठ
थांबा! विडी सुटायलाच हवी, पण डॉक्टरांना सांगून. धुरामुळे यकृत ओलान्झापिन लवकर संपवतं. धूर थांबला की त्याच २० मिलिग्रॅमची रक्तातली पातळी वाढते, मग गुंगी आणि भूक दोन्ही वाढू शकतात. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, म्हणून विडीऐवजी तंबाखू चघळली तरी पातळी वाढणारच.

यावलकर
हे कोणी सांगितलंच नाही. सकाळी नऊपर्यंत उठत नाही, चालायला कधी नेऊ?

औषधवाला धुळे
रात्री गोळी किती वाजता देता? अकराला देत असाल तर आठला देता येईल का ते विचारा, सकाळची गुंगी कमी होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी नेऊच नका, या गोळ्यांनी शरीर उष्णता नीट सोसत नाही. सूर्य मावळल्यावर दहा मिनिटांपासून सुरू करा आणि सोबत तुम्हीही चला, एकट्याला पाठवलं तर दोन दिवसांत बंद पडतं.

यावलकर
अकरालाच देतो. पुढची तारीख महिन्याने आहे.

तापीकाठ
महिना थांबू नका, उद्याच फोन करून लवकरची वेळ मागा. चिठ्ठीवर सुरुवातीचं आणि आजचं वजन, कंबर, गोळीची वेळ, रोजच्या विड्या लिहून न्या. दोनच प्रश्न विचारा: मेटफॉर्मिन सुरू करायची का, आणि गोळी हळूहळू बदलता येईल का. रिपोर्ट आले की आकडे इथे टाका.