शॉवर फिल्टर आणि पाच किलो चुनखडी

मुठेकाठचा (धागाकर्ता)

परवा इथंच 'टँकरच्या पाण्यावर रामबाण' या नावाचा लेख आला. लेखिका वाघोलीच्या. म्हणणं असं, की अडीच हजारांचा शॉवर फिल्टर बसवला आणि महिन्याभरात मुलीच्या कोपरातले, गुडघ्यामागचे खाजरे चट्टे गेले. तेव्हा टँकरवाल्या प्रत्येक घरानं तो आजच मागवावा. खाली 'ताई, लिंक द्या ना' म्हणणाऱ्यांची रांग. तिथंच चार ओळी लिहिणार होतो, त्या आवरेनात म्हणून वेगळा धागा.

या फिल्टरमध्ये तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचे कण असतात, कॅल्शियम सल्फाइट असतं, कोळसा असतो आणि फोटो छान यावा म्हणून रंगीत गोळ्या असतात. पहिल्या तिघांचं काम क्लोरीन कमी करणं. ते ते करतात, वाद नाही (कोळसा गरम पाण्यात जरा ढेपाळतो). अमेरिकेत शॉवर फिल्टरसाठी एनएसएफ १७७ हे मानक आहे, तेही मोकळा क्लोरीन किती घटतो एवढंच बघतं.

पण टँकरच्या पाण्याचं दुखणं क्लोरीन नव्हेच. आपल्या काळ्या पाषाणात मुरलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम ठासून भरलेलं असतं, त्यालाच जडपणा म्हणतात. आमच्या टँकरचा जडपणा प्रयोगशाळेत लिटरला ५२० मिलिग्रॅम (चुनखडीच्या हिशेबात) निघाला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर ६००. आता खोक्यावर लिहिलंय, 'आयुष्य १०,००० लिटर'. लिटरमागे अर्धा ग्रॅम धरा. म्हणजे फिल्टरनं खरंच पाणी मऊ केलं, तर त्याच्या पोटात ५ किलो चुनखडी साठायला हवी. फिल्टर मुठीत मावतो. कुठे ठेवतो तो ५ किलो?

सॉफ्टनरची, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी. त्यातलं रेझिन (बारीक मण्यांचा थर) कॅल्शियम धरतं, सोडियम सोडतं, आणि भरलं की मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं. न्हाणीघरातल्या ज्या उपकरणाला कधीच मीठ लागत नाही, त्यानं पाणी मऊ होतं असं कोणी सांगितलं तर पाकीट खिशातच ठेवा.

सईची_आई

तो लेख माझा. 'लेखिका वाघोलीच्या' असं आडून कशाला, नाव घ्यायचं की सरळ. माझी मुलगी रात्री रक्त येईस्तोवर खाजवायची. चादरीवर डाग असायचे. फिल्टर बसवल्यापासून झोपते. तुमची चुनखडी तुम्ही तोलत बसा. आणि मीही अगदीच डोळे मिटून लिहिलेलं नाही, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) लावला होता. आधी ९०० च्या वर होता, नंतर ८७०.

मुठेकाठचा

तीस अंकांचा फरक तर नळ दोन मिनिटं सोडून ठेवला तरी पडतो. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. अस्सल सॉफ्टनर लावलात तरी आकडा जवळपास तिथेच राहील, कारण कॅल्शियम गेलं तरी त्याच्या जागी सोडियम आलं. म्हणजे त्या मीटरनं तुमचंही सिद्ध होत नाही आणि माझंही. जडपणा मोजायचा थेंबांचा किट मिळतो. नमुन्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. फिल्टरआधीचं पाणी एकदा, नंतरचं एकदा.

आणि एक विचारू? त्याच महिन्यात घरात आणखी काय बदललं?

सईची_आई

उलटतपासणी चालू झाली वाटतं. डॉक्टरांनी साबण बंद करून सिंडेट बार (साबण नसलेली, सौम्य धुण्याची वडी) दिला होता, आणि आंघोळ झाल्या झाल्या ओलसर अंगावर मलम चोपडायला सांगितलं होतं. पण हे सगळं मागच्या वर्षीही करून झालं होतं, तेव्हा ढिम्म फरक पडला नव्हता. म्हणून श्रेय फिल्टरला.

कडू_कारलं

मागच्या वर्षी मलम किती दिवस नेमानं लावलं, ते खरं सांगा. आमच्याकडे ट्यूब तिसऱ्या दिवशी कपाटात जाते. 😀 हलके घ्या.

टेम्सकाठची

मी दक्षिण लंडनमध्ये. इथलं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, किटलीच्या तळाशी पांढरी पापडी धरते. माझ्या मुलाला एक्झिमा (असेच खाजरे चट्टे) आहे म्हणून यात बरंच वाचलंय. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी इंग्लंडच्या जड पाण्याच्या भागांत ३३६ मुलांवर चाचणी घेतली, २०११ साली निकाल छापला. निम्म्या घरांत सॉफ्टनर बसवला, शॉवर फिल्टर नव्हे, खराखुरा मीठवाला. १२ आठवडे. तपासणाऱ्या नर्सना कुठल्या घरात यंत्र आहे हे माहीत नव्हतं, आणि त्यांच्या नोंदींत दोन्ही गट सारखेच सुधारले. घरच्यांना अर्थातच माहीत होतं. त्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत सॉफ्टनरवाले किंचित पुढे!

तेव्हा धागाकर्ते, तुमचा लाडका सॉफ्टनरही नापास झालाय बरं का.

मुठेकाठचा

लाडका कोण म्हणालं? तो जडपणा काढतो, एवढंच लिहिलंय. त्यानं एक्झिमा बरा होतो असं वाक्य माझ्या लेखात दाखवा.

टेम्सकाठची

वाक्य नाही, सूर आहे.

अर्धवट_डॉक्टर

म्हणजे जड पाणी निर्दोष, असंही नाही. २०१८ मध्ये शेफील्डच्या गटानं दाखवलं, की जड पाण्यात धुतलं तर बॉडीवॉश-शाम्पूतला एसएलएस हा फेस करणारा पदार्थ त्वचेवर जास्त चिकटून राहतो आणि तोच तिला सोलवटतो. एक्झिमावाल्यांना, विशेषतः ज्यांच्यात फिलाग्रिन या त्वचा राखणाऱ्या प्रथिनाचा जनुक बिघडलेला असतो त्यांना, जास्त. गुन्हा पाणी आणि फेस दोघांचा मिळून आहे. पाणी बदलता येत नसेल तर फेस बदला. सईच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. साध्या साबणाचा सामू (पीएच) ९-१० असतो, सिंडेटचा त्वचेच्या जवळपास. शिवाय सिंडेट कॅल्शियमशी जुळून तो चिकट पांढरा साका करत नाही. फिल्टरच्या आधी गीझरचा काटा खाली आणा, वीस-वीस मिनिटं कढत पाण्याखाली उभं राहणं बंद करा.

उमाकाकू_सांगली

तुमचे ते फिलाग्रिन आम्हाला ठाऊक नव्हते. डाळीचं पीठ आणि साय, बस. हिवाळ्यात खोबरेल. पाच पोरं वाढवली, एकालाही सिंडेट लागला नाही.

कडू_कारलं

काकू, तुमच्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ शिजायची का? आमच्या आजोळी नाही शिजायची, आजी सोडा टाकायची किंवा ओढ्याचं पाणी आणायची. पाणी तेव्हाही जडच होतं. फक्त पोरांना खाज सुटली की 'उष्णता झाली' म्हणून सोडून द्यायचे.

उमाकाकू_सांगली

सोडून नाही दिलं, पीठ लावलं. आणि डाळ शिजायची हो आमच्याकडे. आमचं पाणी कृष्णेचं.

अर्धवट_डॉक्टर

डाळीचं पीठ ठीक, पण बाजारचं उटणं फाटलेल्या त्वचेवर नको. भरड पूड आणि त्यात सुगंध. दर दिवाळीनंतरच्या आठवड्यात असे रुग्ण येतात.

बी_विंग_सेक्रेटरी

विषयांतर होतंय, पण सॉफ्टनर निघालाच आहे तर ऐका. आम्ही संपूर्ण सोसायटीला बसवला, कारण ११ व्या मजल्यावरच्या एका ताईंचे केस गळत होते. रेझिन धुतलेलं खारं पाणी ठेकेदारानं सरळ बागेकडे काढलं. जास्वंदी गेल्या, आंब्याची पानं कडेनं करपली. मग पाईप सांडपाणी प्रकल्पाला जोडला, आणि तेच शुद्ध केलेलं पाणी पुन्हा बागेत! मीठ काय हवेत उडतं?

वडगावशेरी७८

आणि त्याच टाकीतून स्वयंपाकघरात जातं ना? १०० जडपणा काढला की लिटरमागे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ५२० ला करा गुणाकार. माझ्या वडिलांना रक्तदाब आहे, डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात आणि सोसायटी पाण्यातून पाजते. सभेत बोललो तर मलाच 'विघ्नसंतोषी' ठरवलं.

बी_विंग_सेक्रेटरी

आमचं स्वयंपाकघर वेगळ्या लाईनवर आहे. माहिती न घेता आरोप नकोत.

वडगावशेरी७८

तुमच्या सोसायटीबद्दल बोललोच नाही. टोपी आपोआप बसली.

हडपसरी

मुळात टँकर का? खडकवासल्याचं पाणी मऊ आहे. पेठांत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या गीझरची कॉइल वर्षानुवर्षं टिकते, आमची दिवाळी ते दिवाळी. पुणे पालिकेनं २०१७ ला ११ गावं घेतली, २०२१ ला २३ घेतली, कर लागला, पाणी अजून येतंच आहे. बिल्डर परवानगी घेताना हमीपत्र लिहून देतो, की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी देईन. ताबा दिला की तो कुठे आणि आपण कुठे. मग रात्री अकराला टँकर, त्यात कुठल्या खाणीतलं पाणी आहे ते विचारायची सोय नाही. अडीच हजारांचा फिल्टर हा त्या हमीपत्राचा दंड आहे आणि तो आपण भरतोय.

बी_विंग_सेक्रेटरी

कमिटीवर या आणि टँकरवाल्याशी एकदा बोलून दाखवा. ऐन एप्रिलात तो फोन उचलत नाही तेव्हा तुमचं हमीपत्र दाखवा त्याला.

हडपसरी

कमिटीवर होतो. टँकरच्या पावत्या मागितल्या म्हणून बाहेर आहे.

मुठेकाठचा

मंडळी, धागा त्वचेचा आहे.

हडपसरी

त्वचा टँकरनंच जातेय, साहेब.

सईची_आई

किट मागवला. फिल्टरच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे सारखेच थेंब लागले. घ्या, नाचा. जडपणा तो काढत नाही, लेखात तेवढी ओळ बदलते. पण आमच्या टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर इतकी घालतात, की न्हाणीघरात डोळे चुरचुरायचे, आणि फिल्टरनंतर तो वास गेला. हेही खोटं का? फाटलेल्या त्वचेला क्लोरीन झोंबतच नसेल का?

अर्धवट_डॉक्टर

झोंबू शकतो. पाण्याला खरंच वास येत असेल तर फिल्टरला तेवढे गुण द्यायला हरकत नाही. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो, टँकरवाला मात्र पावडर पसा भरून टाकतो. बादली भरून थोडा वेळ उघडी ठेवलीत तरी वास बराच उतरेल, आणि पाणीही कमी लागेल.

मुठेकाठचा

वासाचा मुद्दा मान्य. अडीच हजारांना महाग वास, पण मान्य. चट्टे मात्र सिंडेट आणि मलमानं गेले, या मतावर मी ठाम आहे. डिसेंबरात फिल्टर काढून बघा, बाकी सगळं तसंच ठेवून.

सईची_आई

पोरीच्या अंगावर प्रयोग करायला मला वेळ नाही. काढला आणि पुन्हा खाज आली, तर रात्री तुम्ही येणार आहात का जागायला?

वडगावशेरी७८

या सगळ्यात त्या ११ व्या मजल्यावरच्या ताईंचे केस थांबले का, आणि सॉफ्टनरचा खर्च देखभाल निधीतून झाला की वेगळी वर्गणी काढली, हे सेक्रेटरींनी अजून सांगितलेलं नाही.