धाक नको, आधी ओळख होऊ द्या

ताई, दुसऱ्या लग्नानंतर मुलं नव्या बाबांना स्वीकारत नाहीत, काय करावं, असं तुम्ही विचारलंत. 'नव्या बाबांनी पहिल्या दिवसापासून धाक ठेवावा, नाहीतर पोरं डोक्यावर बसतील' हा त्यावर कुणी दिलेला सल्ला मला अजिबात पटत नाही. वडील गेलेली मुलं दारं आपटतात, उलट बोलतात ती बहुतेकदा नवा माणूस टिकतो का ते बघायला. निदान सुरुवातीला रागावणं तुमच्याकडेच ठेवा, ताई. नव्या बाबांनी फक्त तुमचा शब्द खाली पडू देऊ नये.

मालवणात राहता, तर नवे बाबा आणि दोन्ही मुलं, तिघांना रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढायला पाठवा. दोराला हात लावणाऱ्या पोरांनाही थोडी मासळी मिळते, शिवाय समोरासमोर बसून बोलायची सक्ती नाही. घरात मान वर न करणारा माझा थोरला किनाऱ्यावर बांगडे वेचतानाच ह्यांच्याशी, म्हणजे माझ्या दुसऱ्या नवऱ्याशी, बोलायला लागला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचे दिवस, समुद्रही खवळलेला. तेव्हा किनारा नको, घरीच जाळी दुरुस्त करायला बसवा.

पहिल्या वडिलांचा फोटो भिंतीवरच राहू दे. म्हाळाला (पितृपक्षातल्या श्राद्धाला) त्यांचं पान वाढताना नव्या बाबांनीही तिथे थांबावं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि शाळेत नाव बदलायची घाई नको. नुसत्या लग्नाने सावत्र वडील कायदेशीर पालक होत नाहीत, त्यासाठी रीतसर दत्तक घ्यावं लागतं किंवा कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते.